खिळखिळ्या गाडीचं नाव 'झटपट'! जटका म्हणजे नेमकं काय?

मंडळी, जुनी गाडी खडखडत निघाली की आपण तिला 'खटारा' म्हणून मोकळे होतो. इंग्रजांच्या काळात मद्रासकडे अशाच एका भाड्याच्या घोडागाडीला 'जटका' म्हणत. गंमत म्हणजे या नावाचा अर्थ आहे 'झटपट'!

१८८६ साली हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश निघाला. भारतातल्या इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेले देशी शब्द त्यात आहेत. त्यातली जटक्याची नोंद वाचताना लिहिणाऱ्याची पाठ अजून दुखत असावी असं वाटतं. दोन चाकांवर एक पेटी, तिला झडपांच्या खिडक्या, चढायला मागून दार आणि पुढे जुंपलेलं मरतुकडं तट्टू. खिळखिळेपणात या गाडीची बरोबरी करायला कोशकारांना एकच गाडी सापडली, कलकत्त्याची 'क्रांची'. बर्नेल तंजावरला न्यायाधीश होता, तेव्हा हे सगळं ऐकीव नसणार!

हा शब्द आला दखनी हिंदीतल्या 'झटका'वरून, असं कोश सांगतो. या 'झटका'चा पुढे 'जटका' झाला. आपल्या 'झटकन', 'झटपट' यांचाच हा नातलग. पण आपल्याकडे झटका म्हणजे धक्कासुद्धा. एखादा मराठी माणूस त्यात बसला असता, तर पहिल्याच खड्ड्यात त्याला नावाचा अर्थ कळला असता, फक्त चुकीचा.

नावात वेग असलेली ही एकटीच गाडी नव्हती. मुंबई आणि मद्रासकडे पालखीसारखी बंद 'शिग्राम' गाडी भाड्याने मिळायची. त्या नावाचं मूळ तर कोशात थेट मराठी 'शीघ्र' असं दिलंय. आज हसू येतं खरं, पण पालखी नाहीतर बैलगाडीची सवय असलेल्या प्रवाशाला ते तट्टूही वेगवानच वाटलं असणार.

जटका रस्त्यावरून गेला, तरी कन्नडमध्ये शब्द टिकला. त्याचं मोठं श्रेय डी. व्ही. गुंडप्पा यांच्या 'मंकुतिम्मन कग्ग' (१९४३) या काव्याला जातं. त्यातल्या एका प्रसिद्ध कडव्यात आयुष्याला जटक्याची उपमा दिली आहे. त्यामुळे जन्मात जटका न पाहिलेल्या कन्नड माणसालाही 'जटका बंडी' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. 'शिग्राम' म्हटल्यावर मात्र आपल्यातल्या किती जणांना काही आठवतं?