स्टोव्हची पिन : सुईच्या टोकाएवढ्या छिद्राचा इतिहास

आजचा धागा अशा एका वस्तूविषयी, जी आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात काड्यापेटीच्या शेजारी हटकून असे : पत्र्याच्या पट्टीला बसवलेली इवलीशी पोलादी तार. तिचे नाव ‘स्टोव्हची पिन’.

थंड देशांत घर तापवणाऱ्या तेलाच्या बॉयलरचा बर्नर रुसला, की कारागीर प्रथम त्याचे नोझल तपासतो. आपल्याकडे घरे तापवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे दाबाखालचे तेल बारीक छिद्रातून सोडून जाळण्याची विद्या आपल्या घरांत आली ती स्वयंपाकाच्या वाटेने.

तेल मात्र आधीच आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेचे, पुढे रशियाचे आणि ब्रह्मदेशाचे खनिज तेल मुंबई बंदरात उतरू लागले, ते दिव्यांसाठी. ‘रॉक ऑइल’चे आपण ‘रॉकेल’ केले आणि ‘गॅसलाइट’चे ‘घासलेट’. १८९२ च्या सुमारास स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने वातीविना जळणारी शेगडी घडवली. तिचे ‘प्रायमस’ हे व्यापारी नाव कित्येक घरांत स्टोव्हचेच नाव होऊन बसले.

तिची रचना मोठी देखणी. खाली पितळी टाकी, बाजूला पंप. वाटीत स्पिरिट ओतून किंवा काकडा लावून बर्नर आधी तापवायचा. मग हवा भरली, की टाकीतले रॉकेल वर चढते, तापलेल्या नळ्यांत त्याची वाफ होते आणि ती निपलच्या छिद्रातून वेगाने सुटते. हे छिद्र मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे. वाफेत हवा मिसळते आणि निळी ज्योत भरभरू लागते. बॉयलरच्या नोझलमधून तेलाचे तुषार उडतात, इथे वाफ सुटते. पण दोन्हींचा शत्रू एकच. तेलातला कचरा आणि जळून साचलेला कार्बन.

छिद्र बुजले की ज्योत खाली बसते, आवाज मंदावतो. तेव्हा पिन मारायची. पिन वाकडी घातली तर तार आत तुटून अडकते. वर्षानुवर्षे घासून छिद्र मोठे झाले, तर गरजेपेक्षा जास्त वाफ सुटते, ज्योत पिवळी पडते आणि भांड्यांची बुडे काजळतात. मग निपल बदलण्यावाचून इलाज नाही. बर्नर पुरता तापण्याआधी हवा भरली, तर वाफेऐवजी कच्चे रॉकेलच वर येते आणि पिवळ्या ज्वाळा हातभर उंच उठतात. ‘स्टोव्ह भडकला’ म्हणतात तो हाच प्रकार. त्याला उपाय हवा सोडण्याचा. पण घाबरलेले माणूस नेमके उलटे करते.

जिवतीच्या डोंगरावर हे सारे उशिरा आणि थोडेच पोचले. हा मुलूख राजुरा तालुक्याबरोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, नंतर नांदेड जिल्ह्यात, आणि १९५९ मध्ये तो चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. कोलाम-गोंडांच्या वस्त्यांना सरपण जंगल देई. रॉकेल लागे ते चिमणीला. स्टोव्ह ही पगारदाराच्या घरची चीज. रेशनच्या रॉकेलचा काळाबाजार ओळखता यावा म्हणून पुढे त्यात निळा रंग मिसळू लागले. (तेलंगणाशी वाद असलेल्या इथल्या १४ गावांत लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डे असतात, हा वेगळ्या धाग्याचा विषय.)

आता ज्यासाठी हा धागा लिहिला ते. १९७० आणि १९८० च्या दशकांतली वृत्तपत्रे चाळली, तर ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी वारंवार भेटते. स्त्री-संघटनांनी तेव्हा एक साधा प्रश्न विचारला : स्टोव्ह नव्या सुनेच्याच हातात का भडकतो? १९८३ मध्ये भारतीय दंडविधानात कलम ४९८-अ आले. लग्नानंतर ७ वर्षांच्या आत झालेल्या संशयास्पद मृत्यूत शवविच्छेदनाची तरतूद त्याच वर्षी झाली. हुंडाबळीचे कलम ३०४-ब आले १९८६ मध्ये.

इथे यंत्राची माहिती इतिहासाच्या कामी येते. निपल बुजले म्हणून स्टोव्ह आपोआप फुटत नाही. तो विझू लागतो. धोका उद्भवतो तो बुजलेल्या स्टोव्हला पंप मारत राहिल्याने, टाकीचा सांधा किंवा वायसर गळल्याने, अथवा जळत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतल्याने. असे अपघात खरोखर घडत, आणि त्यांत गरीब घरच्या बायकाच अधिक भाजत. जमिनीवरचा स्टोव्ह आणि नायलॉनचा पदर यांची गाठ वाईटच. म्हणून प्रत्येक बातमीला खून ठरवणे मला मान्य नाही. पण अपघातात पदर किंवा निऱ्या आधी पेटतात. डोक्याच्या केसांत रॉकेल मुरलेले सापडले, तर त्याचा खुलासा भडक्याने सहजी होत नाही.

तेव्हा असा जुना पंचनामा किंवा निकालपत्र हाती आले, तर आधी स्टोव्ह शोधा. तो पंपाचा होता की वातीचा? वातीच्या स्टोव्हला ना निपल असते, ना टाकीत दाब. टाकी फुटली होती की शाबूत? हवेची चावी उघडी होती की बंद? भांड्यात काय शिजत होते? आणि पिन कुठे सापडली?