समुद्राचे थर आणि ट्यूनाची शिकार



समुद्रापासून इतक्या दूर, भीमेच्या खोऱ्यातील करकंब गावी समुद्रातल्या माशावर व्याख्यान, याची काहींना गंमत वाटली असेल. पण या विषयाचे पहिले सूत्र आपल्या विहिरीतच सापडते. वैशाखात पोहायला उतरलेल्या मुलाला विचारा. वरचे पाणी कोमट लागते आणि बुडी मारताच अंगावर शहारे येतात, असे तो सांगेल. तापलेले पाणी हलके, म्हणून ते वर राहते. गार पाणी जड, म्हणून ते खाली. समुद्रातही वर वाऱ्याने ढवळलेला उबदार थर असतो, खाली अथांग थंड पाणी असते आणि दोहोंमध्ये उष्णता झपाट्याने उतरणारा एक सीमेचा पट्टा असतो.

आता मासा पाहू. ट्यूनाला कोकणात कुपा किंवा गेदर म्हणतात. हा मासा सतत पोहत असतो. थांबला तर त्याचा श्वास अडतो. त्याचे शरीर भोवतालच्या पाण्याहून उबदार असते. एवढा खटाटोप करणाऱ्याला प्राणवायूही भरपूर लागतो, आणि नेमका तोच अरबी समुद्राच्या पोटात दुर्मिळ आहे. १९३३-३४ साली सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली 'मबाहिस' हे इजिप्तचे जहाज या समुद्रात फिरले, तेव्हा मधल्या खोलीतील पाण्यात प्राणवायू अत्यल्प असल्याचे दिसून आले. आज आपण जाणतो की हा थर सुमारे दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत पसरलेला आहे. पावसाळी वाऱ्यांमुळे वर सूक्ष्म वनस्पती उदंड वाढतात. त्यांचे अवशेष खाली बुडून कुजतात आणि प्राणवायू खर्ची पडतो. उत्तरेस जमीन असल्यामुळे ताजे पाणीही सावकाश येते.

पुढे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम निघाली. १९६५ पर्यंत चाललेल्या या मोहिमेत आपल्या नौदलाचे 'किस्टना' हे जहाजही होते. तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली. ती आज गोव्यात दोना पावला येथे आहे.

या ज्ञानाचा कोळ्याला उपयोग काय? १९५२ पासून जपानी जहाजे लांबच लांब दोरीला शेकडो गळ बांधून हिंदी महासागरात ट्यूना धरू लागली. पुढे सत्तरीच्या दशकात त्यांनी गळ अधिक खोल सोडले, तेव्हा थंड पाणी सोसणारा मोठ्या डोळ्यांचा ट्यूना अधिक मिळू लागला. समुद्र तोच, पण गळ दुसऱ्या थरात गेला. बटव्यासारखे तोंड आवळणाऱ्या पर्ससीन जाळ्याचेही तसेच आहे. सीमेचा पट्टा उथळ असला की पिवळ्या पराचा ट्यूना खाली निसटण्यास कचरतो आणि जाळ्यात सापडतो. १९९७-९८ साली पश्चिम हिंदी महासागरात हा पट्टा खोल गेला. तेव्हा नेहमीची क्षेत्रे सोडून पर्ससीन जहाजांना पूर्वेकडे जावे लागले.

येथेच एक फसगत संभवते. उन्हाळ्यात ओढ्याचा डोह आटत आला की पोरेसुद्धा हातांनी मासे धरतात. म्हणून ओढ्यात मासे वाढले, असे आपण म्हणतो काय? ते फक्त एका जागी कोंडलेले असतात. प्राणवायूहीन थर वर सरकला की ट्यूनाचेही असेच होते. जाळी भरतात, बाजार फुलतो आणि माणूस समजतो की समुद्र समृद्ध आहे. त्या समजुतीवर नव्या नौका बांधल्या, कर्जे काढली, तर पुढे पस्तावण्याची पाळी येईल.

हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था आज उपग्रहांच्या साह्याने कोळ्यांना मासळीच्या जागा सुचवते. पण उपग्रहाला पाण्याचा पृष्ठभागच दिसतो. खालची वार्ता दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येणारी तरती यंत्रे आणतात. या दोन्ही वार्ता एकत्र वाचल्या पाहिजेत. विहिरीचे पाणी किती, हे वरून डोकावून कळत नाही, त्यासाठी दोरी सोडून पाहावे लागते, हे करकंबच्या शेतकऱ्याला मी काय सांगावे? जाळ्यातल्या माशांवरून समुद्राचा हिशेब मांडताना तीच दोरी हाती असावी, एवढेच माझे सांगणे आहे.