पदराआडची गाठ

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) हे जिल्हे हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आले. दप्तराची भाषा बदलली. आपल्या घरांतील बायकांची दुखण्याची भाषा मात्र बदलली नाही. पूर्वी घरात 'देवी येत'. १९७५ नंतर भारतात त्या रोगाचा रुग्ण आढळला नाही, तरी रोगाचे नाव 'देवी'च राहिले.

स्तनाच्या कर्करोगाला असे देवत्व लाभले नाही. त्याच्या वाट्याला आला एक घरगुती शब्द: गाठ. मराठीत गाठ, कन्नडात गंटू, दखनीत गांठ. तिन्ही भाषांत दोरीचीही तीच आणि देहाचीही तीच. वैद्यांचा शब्द 'अर्बुद'. ग्रीक वैद्यांना खेकडा दिसला. गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा गॅलेनला त्याच्या पायांसारख्या वाटल्या. आपला 'कर्करोग' हा शब्दही खेकड्याचाच. पण खेकडा ही पाहणाऱ्याची प्रतिमा आहे. गाठ ही स्वतःच्या बोटांना लागलेल्या गोष्टीची.

या शब्दाला सोबतही तशीच आहे. लग्नगाठ, गाठीचा पैसा, मनातली गाठ: साऱ्या जपून, झाकून ठेवायच्या गोष्टी. त्यामुळे देहातली गाठही पदराआड राहते. हे केवळ आपल्याकडचे नव्हे. इराणची राणी अतोसा हिने स्तनावरील गाठ लहान होती तोवर लाजेपोटी लपविली आणि ती पसरल्यावरच वैद्याला दाखविली, असे हिरोडोटसने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. त्यातच सुश्रुताने अर्बुदाची वेदना मंद सांगितली आहे. आणि जे दुखत नाही, त्याची वाच्यता कोण करणार?

पुढे मुंबईत १९४१ साली टाटा रुग्णालय उघडले, उपचार वाढले आणि वृत्तपत्रांतून 'कर्करोगाशी झुंज' हा शब्दप्रयोग रूढ झाला. स्वतः या व्याधीतून गेलेल्या सुसान सोंटॅग यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात अशा युद्धभाषेला हरकत घेतली. ती रास्तच होती. झुंज म्हटली की जी गेली ती हरली, असा अर्थ निघतो. आणि तो दोष त्या बाईचा खास नव्हे.

त्यापेक्षा आपल्या आजी-पणजींचा शब्दच बरा. तो टाकायचे कारण नाही. त्यातले अर्धे ज्ञान मात्र आपण विसरलो. सुरगाठ आणि निरगाठ यांतला भेद त्यांना ठाऊक होता. वेळीच दाखविली तर पुष्कळदा सुटते, ती सुरगाठ. पदराआड वर्षे काढली की तिचीच निरगाठ होते. लेकी-सुनांना एवढे सांगणे, हा या जुन्या शब्दाचा खरा वारसा होय.