न लिहिलेल्या नोंदीकडे नेणारा बाण

१/७
संगणकावरील दस्तऐवजात अनुक्रमणिकेतील शीर्षकावर टिचकी मारली, की वाचक थेट त्या प्रकरणापाशी पोहोचतो. ही सोय पडद्यावर आली ती अलीकडे; तिच्यामागील विचार मात्र कागदावर पूर्वीच रुजला होता. त्याचा एक मराठी दाखला प्रभादेवीपासून वाईपर्यंत पसरलेला आहे.

२/७
आधी दुव्याची रचना पाहू. जिथे पोहोचायचे, तिथे प्रथम ‘बुकमार्क’ करून त्या खुणेला नाव द्यायचे. मग जिथून निघायचे, तेथील शब्द त्या नावाशी जोडायचा. पानाच्या क्रमांकावर काहीच अवलंबून नसते. मध्ये दहा पाने वाढली, तरी दुवा चुकत नाही.

३/७
पोथ्यांच्या परंपरेतही हीच जाण दिसते. प्रत बदलली की पाने बदलत. म्हणूनच ‘ज्ञानेश्वरी’चा संदर्भ अध्याय आणि ओवीच्या क्रमांकाने दिला जातो. हा पत्ता कागदाचा नसून मजकुराचा असतो.

४/७
१९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि मराठी विश्वकोशाचे कार्य हाती घेण्यात आले. संपादनाचे केंद्र वाई येथे होते. दादरलगत प्रभादेवीच्या रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत विश्वकोश मंडळाचे मुंबईतील कार्यालय आहे.

५/७
विश्वकोशाच्या नोंदी अकारविल्हे आहेत. मजकुरात एखाद्या विषयाआधी बाण येतो, तर नोंदीच्या अखेरीस ‘पहा’. दोन्ही ठिकाणी असते ते नोंदीचे नाव. खंड वा पान नव्हे.

६/७
याचे कारण कालक्रमात आहे. पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. ‘ह’च्या नोंदी मुद्रित होण्यास त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लागला. ‘अ’मधून ‘ह’कडे वाचकाला पाठवायचे, तर पृष्ठांक देणार कुठून? केवळ शीर्षक देता येत होते, आणि ते शीर्षक पुढील संपादकांनी पाळायचे होते. १९९४ मध्ये तर्कतीर्थांचे निधन झाले, तेव्हा अखेरचे खंड यायचेच होते.

७/७
दस्तऐवजात बुकमार्क पुसला गेला, तर दुवा निकामी होतो. त्याची दुरुस्ती क्षणात होते. छापील बाणाला ती मुभा नव्हती. नोंद गळली किंवा तिचे शीर्षक बदलले, तर आधीच्या खंडातील वाचक रित्या जागी पोहोचला असता. एका पिढीने दिलेला पत्ता खरा ठरविणे हे पुढच्या पिढीचे काम होते.