शिकारीचा परवाना, फासेपारध्याचा फास आणि कायद्यातला बचाव

सांगोल्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते १७५० च्या सांगोला करारामुळे. छत्रपती रामराजांकडचे राज्यकारभाराचे अधिकार त्या करारानं पेशव्यांकडे गेले. अधिकार कागदावर कसे हलतात, याचं ते मोठं उदाहरण. आज मी बोलणार आहे तो अधिकार त्या मानानं फार लहान आहे. माळावर ससा, तितर धरण्याचा आणि तळ्यात जाळं टाकण्याचा. तोही कागदावरच गेला. प्रश्न एवढाच, की जाताना ज्याचा तो होता त्याला कुणी विचारलं का?

हा आपला माणदेश. पाऊस कमी, माळरान जास्त. या माळावर फासेपारधी पिढ्यान्‌पिढ्या फिरत आला. जातीच्या नावातच त्याचं हत्यार आहे, फास. बंदूक त्याची नव्हे. आता हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा कायदा बंदूकवाल्याला समोर ठेवून लिहिलेला आहे.

इंग्रजांनी १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा केला. बंदूक ठेवायची तर परवाना हवा. पुढे १९१२ मध्ये वन्य पक्षी आणि प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. ठराविक पक्षी-प्राण्यांसाठी बंदीचा काळ ठरवायचा, त्या काळात मारणं, पकडणं गुन्हा. पण या कायद्यात एक सूट होती. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मारलं, किंवा प्रामाणिकपणे मालमत्ता राखताना मारलं, तर हा कायदा लागू नाही. म्हणजे ज्वारीत शिरलेलं रानडुक्कर मारणाऱ्या शेतकऱ्याला बचाव होता. हा मुद्दा आपल्याला परत लागणार आहे.

त्याच सुमाराला, १९११ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा सगळ्या देशाला लागू झाला. मूळ कायदा १८७१ चा. सरकारनं अधिसूचना काढायची, की अमुक जमात गुन्हेगार. मग नोंदणी, हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती. आजही तिथल्या भागाला लोक सेटलमेंट म्हणतात. आणि बचावाचं काय? तर अधिसूचना बरोबर की चूक, हे कोर्टात विचारताच येत नव्हतं. कायद्यानंच ते दार बंद केलेलं. एकाच राज्यात एका माणसाला शिकारीचा परवाना आणि दुसऱ्याला हजेरीचं पुस्तक. हा कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळतात.

आता १९७२ कडे येऊ. वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुष्कळांना वाटतं की त्या दिवशी शिकार बंद झाली. तसं नाही बरं का. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांची शिकार बंद झाली. बाकीच्यांसाठी परवाने होतेच. विशेष शिकारीचा, मोठ्या शिकारीचा, छोट्या शिकारीचा आणि प्राणी सापळ्यात पकडण्याचा, असे चार प्रकार.

या मूळ कायद्यातली कलम १३ आणि १४ पाहा. मुख्य वन्यजीव रक्षकाला परवाना निलंबित किंवा रद्द करता येई. पण कशी? कारणं लेखी नोंदवून, आणि परवानाधारकाला म्हणणं मांडायची वाजवी संधी देऊन. त्यावर अपीलही होतं. म्हणजे नोटीस, सुनावणी, लेखी कारण, अपील. परवाना जाण्याविरुद्धचा सगळा कायदेशीर बचाव या चार पायांवर उभा असतो. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सुप्रीम कोर्टानं पासपोर्टच्या निमित्तानं हेच तत्त्व ठळक केलं. सरकार तुमचं काही काढून घेत असेल तर आधी तुमचं ऐकलं पाहिजे.

पण मंडळी, मेख इथंच आहे. सुनावणी कुणाला? ज्याच्याकडे परवाना आहे त्याला. फासेपारध्याकडे परवाना कधी होता? जो कागद हातात पडलाच नाही, तो रद्द होताना नोटीस कुणाच्या नावानं निघणार? त्याचा अधिकार रूढीचा. रूढी रद्द करायला सुनावणी लागत नाही.

१९९१ मध्ये दुरुस्ती झाली. शिकारीचे परवाने संपले आणि त्यांच्याबरोबर कलम १३ ते १७ सुद्धा कायद्यातून गेली. हे चूक झालं असं मी म्हणत नाही. माळढोकाचं काय झालं ते आपण याच जिल्ह्यात पाहिलं. नान्नजच्या माळावर एके काळी दिसणारा तो पक्षी राखायला १९७९ मध्ये अभयारण्य करावं लागलं. वन्यजीव वाचलेच पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच, की परवानाधारकाची बंदूक भिंतीवर गेली आणि त्याचं पोट तसंच भरत राहिलं. फास ज्याचा होता, त्याचा धंदाच गुन्हा ठरला.

मग आज बचाव काय उरला? तीन गोष्टी सांगतो.

पहिली, कलम ११. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्‌हेतूनं जनावर मारलं तर गुन्हा नाही. अट अशी, की त्या वेळी तुम्ही स्वतःच या कायद्याविरुद्ध काही करत नसावेत. आणि १९१२ मधली मालमत्तेची सूट इथं नाही. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. शेतकऱ्यानं आधी अर्ज करायचा, मग पुढचं.

दुसरी, कलम ५७. मांस, कातडं, जिवंत प्राणी तुमच्या ताब्यात सापडला, की तो बेकायदा आहे असं गृहीत धरलं जातं. नाही, हे तुम्ही सिद्ध करायचं. म्हणून पंचनामा कुठं झाला, ताबा नक्की कुणाचा होता, हे पहिल्या दिवसापासून वकिलानं पाहायला हवं. दोषी ठरलात तर कोर्ट बंदुकीचा परवाना रद्द करू शकतं आणि ५ वर्षं नवा मिळत नाही. प्रशासनानं बंदुकीचा परवाना काढून घेतला, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली लेखी कारणं मागता येतात आणि कलम १८ खाली अपील करता येतं. अपिलाची मुदत मात्र चुकवू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी ठाऊक असलेली. महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातीत येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, मग उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. ज्याला एके काळी कोर्टात प्रश्नच विचारता येत नव्हता, त्याला आज वकील मागण्याचा हक्क आहे. हा फरक लहान नाही.

जाता जाता मासेमारीचं. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाण्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क मान्य केलाय. त्याच कायद्यात शिकारीचा आणि सापळ्याचा पारंपरिक हक्क मात्र स्पष्टपणे वगळलाय. आपल्याकडच्या तलावांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावानं असतो. संस्थेचा ठेका गेला की जाळं टाकणाऱ्याचं काम गेलं, पण नोटीस येते ती संस्थेच्या पत्त्यावर. म्हणून सभासदांनो, आपल्या संस्थेचं टपाल कोण उघडतं, याची चौकशी करत जा. अपिलाची मुदत बहुतेक वेळा तिथंच, न उघडलेल्या पाकिटात संपते.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.