स्मार्ट उपकरणांची परस्पर जोडणी : सुपे परिसर

वेगवेगळ्या कंपन्यांची आणि वेगवेगळ्या ॲपवर चालणारी उपकरणे एकमेकांची स्थिती ओळखून चालतील अशी व्यवस्था. शहरात हा प्रश्न दिवे, कॅमेरे, दाराची कुलुपे यांचा असतो. बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातील सुपे परिसरात मात्र तो घरापेक्षा विहिरीवर अधिक भेडसावतो. शहाजीराजांच्या जहागिरीतले हे परगण्याचे गाव अवर्षणप्रवण आहे. जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेचे आवर्तन, विहिरी आणि शेततळी यांवर इथली बागायत तगते, त्यामुळे वाया गेलेले पाणी इथे फार महागात पडते.

शेतीपंपांना थ्री-फेज वीज साधारणपणे आठ तास आणि पाळीपाळीने दिवसा-रात्री मिळते. रात्री रानात जाणे टळावे म्हणून आधी ऑटो स्विच आले. लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते. पण सगळ्यांच्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपीवर (रोहित्रावर) भार येतो. म्हणूनच ऑटो स्विच काढून कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करते. त्यानंतर मोबाइल स्टार्टर आले. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेल्या ‘नॅनो गणेश’ या मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेला 2009 मध्ये नोकियाच्या नवोपक्रम स्पर्धेत पारितोषिक मिळाले. हे स्टार्टर सिमकार्डावर चालतात. केवळ 2जीवर चालणाऱ्या जुन्या स्टार्टरला जिओचे सिम चालत नाही, कारण त्या कंपनीचे 2जी जाळेच नाही.

खरी अडचण ठिबकाचे स्वयंचलित कंट्रोलर आल्यावर सुरू होते. फोनवरून मोटर चालू झाली, पण कोणता व्हॉल्व्ह उघडा आहे हे स्टार्टरला ठाऊक नसते. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना पंप चालला, तर दाब वाढून पाइपलाइन फुटू शकते. उलट व्हॉल्व्ह उघडला आणि विहीर आटलेली असली, तर मोटर कोरडी फिरते. म्हणून क्रम सांभाळावा लागतो. आधी व्हॉल्व्ह उघडायचा, काही सेकंदांनी मोटर सुरू करायची. प्लॉट बदलताना पुढचा व्हॉल्व्ह उघडल्यावरच मागचा बंद करायचा, आणि शेवटी मोटर थांबल्यावर शेवटचा व्हॉल्व्ह बंद करायचा.

हे साधण्याचा सर्वात भरवशाचा मार्ग जुनाच आहे : रिले, म्हणजे कमी व्होल्टच्या इशाऱ्यावर जास्त व्होल्टचे सर्किट चालू-बंद करणारा स्विच. अनेक ठिबक कंट्रोलरवर पंपासाठी 24 व्होल्टचे वेगळे टर्मिनल असते. ते थेट स्टार्टरच्या कॉइलला जोडायचे नसते, कारण ती कॉइल 230 किंवा 415 व्होल्टची असते. मध्ये रिले बसवला की कंट्रोलरच्या हुकमाने स्टार्टर चालतो आणि दोन कंपन्यांच्या ॲपची गाठ घालावी लागत नाही. इंटरनेट नसले तरी ही जोडणी थांबत नाही. हे काम मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

रिले फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच सांगतो. दाब, ओलावा, विजेचा प्रवाह हे आकडे हवे असतील, तर उपकरणांना समान भाषा लागते. 1979 मध्ये मोडिकॉन कंपनीने कारखान्यांसाठी आणलेली मॉडबस ही भाषा आजही पंपांच्या अनेक ड्राइव्हमध्ये आढळते. तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्गे नजर ठेवण्यासाठी 1999 मध्ये तयार झालेली एमक्यूटीटी कमी डेटात काम भागवते, म्हणून अशक्त रेंजच्या रानात ती सोयीची पडते. घरगुती उपकरणांसाठी ॲपल, गुगल, ॲमेझॉन आदी कंपन्यांच्या सहभागातून ‘मॅटर’ हे समान मानक ऑक्टोबर 2022 मध्ये आले. ते वाय-फाय आणि थ्रेड या कमी अंतराच्या बिनतारी जाळ्यांवर चालते. बांधापलीकडच्या लांब अंतरासाठी ते पुरत नाही; तिथे लोरा रेडिओ उपयोगी पडतो, त्यासाठी भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा आहे.

तालुक्यातला मोठा प्रयोग बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा. मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने 2024 पासून ऊसशेतीत मातीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे यांची माहिती एकत्र करून शेतकऱ्याला मोबाइलवर सल्ला दिला जातो. ही जोडणी माहितीची आहे आणि तिचे मोल मोठे आहे. तरीही सल्ला मिळाल्यावर कोणाचाही हात न लागता योग्य व्हॉल्व्ह उघडायचा असेल, तर वर सांगितलेली स्टार्टर आणि कंट्रोलर यांची गाठ घालावीच लागते. पाण्याच्या बचतीचा प्रत्यक्ष निकाल तिथेच लागतो.

नवे उपकरण घेताना विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात : बाहेरून जोडण्यासाठी रिलेचे टर्मिनल आहे का, मॉडबस किंवा एमक्यूटीटी खुले आहे का, आणि इंटरनेट बंद पडल्यावर यंत्र काय करते. उत्तर मिळत नसेल, तर ते उपकरण घेऊ नये.