झायोनवाद : उगम आणि जमिनीवरचे दावे

जेरुसलेममधील झायोन टेकडीवरून नाव पडलेली ज्यूंची राष्ट्रवादी चळवळ. पूर्वजांच्या भूमीत परतण्याची आस ज्यूंच्या प्रार्थनांत शतकानुशतके होती. तिला राजकीय धार आली ती रशियात. १८८१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली आणि ज्यू वस्त्यांवर हल्ल्यांचे सत्र सुरू झाले. समाजात मिसळून गेल्यास द्वेष संपेल, हा ओडेसाचे डॉक्टर लिओन पिन्स्कर यांचा विश्वास त्यात मोडला. ज्यूंना हक्काची भूमी हवी, असे त्यांनी १८८२ च्या पुस्तिकेत मांडले. पुढे व्हिएन्नाचे पत्रकार थिओडोर हर्झल यांनी १८९७ मध्ये बाझेलला पहिले झायोनवादी अधिवेशन भरवले.

पूर्वजांची ती भूमी म्हणजे तेव्हाच्या ऑटोमन साम्राज्यातले पॅलेस्टाइन. ते मात्र रिकामे नव्हते. कसण्याजोगी पडीक जमीन तिथे सापडणे कठीण आहे, हे १८९१ मध्ये स्पष्टपणे लिहिणारे अहद हाआम स्वतः झायोनवादीच होते. जेरुसलेमचे माजी महापौर युसुफ झिया अल-खालिदी यांनी १८९९ मध्ये फ्रान्सच्या प्रमुख रब्बींना पत्र पाठवले. ज्यूंची ओढ त्यांना समजत होती, तिचा ऐतिहासिक आधारही मान्य होता. पण इथे दुसरे लोक राहतात, म्हणून हा देश सोडून द्यावा, अशी त्यांची कळकळीची विनवणी होती. हे पत्र हर्झल यांच्याकडे पोहोचले; त्यांनी उत्तरात अरबांच्या मालमत्तेची किंमत वाढेल, असे आश्वासन दिले. खालिदींचा प्रश्न किमतीचा नव्हताच.

खरा पेच मालक आणि कूळ यांच्यातला. १८५८ च्या ऑटोमन कायद्याने जमिनीची नोंदणी सक्तीची केली. कर आणि लष्करभरतीच्या धास्तीने अनेक शेतकऱ्यांनी नाव लावलेच नाही. मोठाले पट्टे शहरी धनिकांच्या नावावर चढले. १९१० मध्ये बैरूतच्या सुरसुक घराण्यातील इलियास सुरसुक यांनी नाझरेथजवळचे अल-फुला हे गाव झायोनवादी चळवळीच्या ज्यू राष्ट्रीय निधीशी व्यवहार करून विकले. नाझरेथचे अधिकारी शुक्री अल-असली यांनी या व्यवहाराला जोरदार विरोध केला, वृत्तपत्रांतून लेख लिहिले. तरीही कसणाऱ्यांना गाव सोडावे लागले आणि १९११ मध्ये तिथे मेरहाविया ही ज्यू वसाहत वसली. खरेदी कायदेशीर होती, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाटही खरी होती.

२ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात ब्रिटनने पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या ‘राष्ट्रीय निवासस्थाना’ला पाठिंबा दिला. बहुसंख्य अरबांचा उल्लेख त्यात ‘ज्यूएतर समाज’ असा आला; त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांची हमी होती, राजकीय हक्कांची नव्हती. १९२२ च्या जनगणनेत साडेसात लाखांवर लोकसंख्येत ज्यू सुमारे ११ टक्के होते.